हळू जमलं की वेगात आपोआप जमतं? नाही जमत

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज माझ्याकडे सात-आठ गटांतून आला. शाळेच्या पालकांच्या गटात आला, सकाळी मैदानावर पळायला येणाऱ्यांच्या गटात आला, आमच्या भाऊबंदांच्या गटातही आला. सोबत एका गोल्फपटूचा अगदी संथ केलेला व्हिडिओ. मजकूर थोडक्यात असा:

"जगातले मोठे गोल्फपटू रोज शंभर वेळा काठी कासवाच्या गतीने फिरवतात. त्यामुळे हालचाल स्नायूंच्या लक्षात राहते आणि मेंदूचं काम उरत नाही. संथ हालचाल आणि वेगवान हालचाल एकच, फरक फक्त वेगाचा. म्हणून हळू अचूक जमलं की वेगात आपोआप जमतं. फटका मारताना लक्ष हातांवर ठेवा; चूक झाली तर मेंदू वाटेतच दुरुस्त करतो. क्रिकेट, भालाफेक, सगळ्या खेळांना हे लागू आहे. आपल्या मुलांकडून 21 दिवस करून घ्या आणि फरक बघा."

आपल्या खान्देशात गोल्फशी कुणाचा फारसा संबंध नाही. नाशिकला जाणाऱ्यांना 'गोल्फ क्लब' म्हणजे सकाळी चालायला जायचं मैदान एवढंच माहीत. मीही हा मेसेज वाचून सोडून दिला असता. पण माझ्याकडे नववीतली एक मुलगी भालाफेक शिकते. तिच्या वडिलांनी हे वाचलं आणि मनावर घेतलं. कापूस वेचणीचे दिवस, माणूस दिवसभर शेतात राबलेला, तरी रोज संध्याकाळी खळ्यात उभं राहून त्यांनी पोरीकडून शंभर संथ फेकी करून घेतल्या. जोरात फेकायचं नाही, असं तिला बजावलं होतं. बावीसाव्या दिवशी ती मैदानावर आली. धाव चांगली, पकड चांगली, आणि ऐन फेकीच्या क्षणी हात अडखळायला लागला. भाल्याचं टोक आभाळाकडे आणि अंतर पाच-सहा मीटरने कमी. मी विचारलं, "काय होतंय गं?" तर म्हणाली, "सर, हात कुठं गेला ते बघायला लागते मी."

वडिलांचा यात काही दोष नाही. त्यांनी वेळ दिला, जीव लावला. दोष त्या मेसेजचा आहे. मी सव्वीस वर्षं पीटी शिकवतो आणि मेंदू-स्नायूंचं जे काही वाचायला मिळेल ते वाचतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहितोय.

"फरक फक्त वेगाचा"

सगळी चूक इथून सुरू होते, म्हणून यावर जास्त लिहितो.

माझं लहानपण चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या गावात गेलं. ज्वारीत दाणा भरायला लागला की शेतात माळा उभा राहायचा आणि शाळा सुटली की मी नानांबरोबर पाखरं हाकायला जायचो. नाना म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांची गोफण अंबाडीच्या दोरीची होती, मधे दगड ठेवायला विणलेली वाटी, एका टोकाला बोट अडकवायचा फासा. पहिल्या दिवशी मी ती घाबरत, सावकाश फिरवली. दगड पायाशी पडला. पुन्हा भरला, पुन्हा पडला. गोफण हळू फिरवताच येत नाही. दोरी मीटरभर लांब धरली आणि उभा फेरा घेतला, तर सगळ्यात वरच्या जागी दगडाला सेकंदाला तीन मीटरहून थोडा जास्त वेग लागतो. त्याहून कमी असेल तर दगड वाटीत राहतच नाही. म्हणजे संथ गोफण नावाची गोष्टच नाही. ती शिकायची तर पहिल्या फेऱ्यापासून वेगातच.

आपला हातही काही अंशी गोफणच आहे. दंड फिरतो तेव्हा पुढचा हात त्याला ओढतो, मनगट पुढच्या हाताला ओढतं, हातात काठी किंवा भाला असेल तर तो या सगळ्यांना ओढतो. ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट केला की ओढ चौपट, तिप्पट केला की नऊपट. हाताचं वजन मात्र तेवढंच राहतं. त्यामुळे संथ फेकीत स्नायूंची बहुतेक मेहनत हात उचलून धरण्यात जाते. वेगवान फेकीत ती जाते हात भिरकावण्यात, सांध्यासांध्यातली ओढ झेलण्यात आणि वेळेवर लगाम घालण्यात. हाताचा रस्ता वरून बघणाऱ्याला एकच दिसतो. पण त्या रस्त्याने नेण्यासाठी मेंदूने स्नायूंना द्यायचा हुकूम दोन्ही वेळा वेगळा असतो.

हा फरक नुसता कागदावरचा नाही. स्नायूंवर तारा लावून त्यातली वीज मोजता येते, आणि ती गेली शंभर वर्षं मोजली जाते आहे. कोपर झटक्यात वाकवला तर तीन ठोके दिसतात. आधी वाकवणाऱ्या स्नायूचा जोरदार ठोका. मग उलट बाजूच्या स्नायूचा, हा लगाम. मग पुन्हा पहिल्या स्नायूचा एक छोटा ठोका, हात जागेवर बसवायला. एकेक ठोका साधारण सेकंदाच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतका. तोच कोपर सावकाश वाकवला तर हे तीन ठोके दिसतच नाहीत. वाकवणारा स्नायू बेताने, सलग चालू राहतो आणि उलट बाजूचा जवळजवळ गप्प असतो. शेतातल्या माणसाला सांगायचं तर संथ हालचाल म्हणजे दारं धरणं. पाटाचं पाणी बघत बघत, इथं माती ओढ, तिथं फोड, असं वळवत न्यायचं. वेगवान हालचाल म्हणजे गोफणीतून सुटलेला दगड. जे करायचं ते सोडायच्या आधी. रोज दारं धरून कुणाला गोफण येत नाही.

आता स्नायूच्या आत बघू. प्रत्येक स्नायूत तंतूंचे छोटे-मोठे गट असतात आणि मज्जारज्जूतली एकेक चेतापेशी एकेका गटाला चालवते. अमेरिकेतल्या एलवुड हेनेमन यांनी 1957 पासून मांजरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवलं, की आधी छोट्या चेतापेशी कामाला लागतात, म्हणजे संथ, न थकणारे तंतू. जोर वाढवावा लागला तरच मोठ्या पेशी आणि त्यांचे झटकन आकसणारे तंतू जागे होतात. हलक्या, संथ फेकीत त्या मोठ्या गटांची पाळीच येत नाही. ते घरी झोपलेलेच राहतात. झटक्याच्या हालचालीत क्रम तोच असतो, पण सेकंदाच्या काही शतांश भागात सगळी फौज उभी राहते आणि चेतापेशी सुरुवातीलाच फार भराभर ठोके देतात, कधी कधी दोन ठोके एकमेकांना चिकटून. हे चिकटून येणं सरावाने वाढतं का? 1998 मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी हे तपासलं. लोकांकडून 12 आठवडे पायाचा चवडा झटक्यात वर ओढण्याचा सराव करून घेतला. असे जोडठोके देणाऱ्या गटांचं प्रमाण सुमारे 5 टक्क्यांवरून 33 टक्क्यांच्या आसपास गेलं. हलकं वजन, पण दर वेळी जमेल तितक्या झटक्यात, असा तो सराव होता.

माझ्या विद्यार्थिनीने 21 दिवसांत दोन हजार फेकी केल्या. त्या दोन हजार फेकींत तिच्या खांद्याच्या वेगवान तंतूंना एकदाही खरी हाक गेली नाही आणि लगाम कधी घालायचा हे एकदाही विचारलं गेलं नाही.

"चूक झाली तर मेंदू वाटेतच दुरुस्त करतो"

गोल्फचंच उदाहरण घेऊ, मेसेज गोल्फचा आहे म्हणून. मुरलेला खेळाडू काठी मागे नेतो त्याला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. वरून खाली चेंडूपर्यंत यायला पाव सेकंद. पुरुष व्यावसायिकांच्या मोठ्या काठीचं टोक तेव्हा ताशी 180 किलोमीटरच्या पुढे असतं. डोळ्यांनी काही बघून हाताने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. म्हणजे काठी खाली यायला लागल्यावर चूक दिसली आणि तुम्ही निर्णय घेतला, तर तो अमलात येईपर्यंत फटका बसूनही गेलेला असतो. चेंडू काठीला टेकलेला असतो सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता. मनगटापासून मेंदूपर्यंत स्पर्शाचा निरोप पोचायला मात्र सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. फटका बसल्याचं मेंदूला कळतं तेव्हा चेंडू मीटरभर तरी पुढे निघून गेलेला असतो.

ही गोष्ट नवी नाही. 1899 मध्ये रॉबर्ट वुडवर्थ नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोकांना ठोक्याच्या तालावर ठरावीक लांबीच्या रेघा ओढायला लावल्या, एकदा डोळे उघडे ठेवून, एकदा मिटून. संथ तालात डोळे उघडे असणाऱ्यांची चूक पुष्कळ कमी. ताल वाढवत नेला तसा हा फायदा आटत गेला आणि जलद तालात डोळे उघडे काय नि मिटलेले काय, चूक सारखीच. संथ हालचाल वाटेत सुधारता येते, जलद हालचाल येत नाही, हे तेव्हापासून माहीत आहे.

मग जलद हालचाल कुठं तयार होते? निघण्याआधी, मेंदूत. बार्सिलोनातल्या संशोधकांनी 1999 मध्ये एक सुरेख गोष्ट दाखवली. माणसाला सांगायचं, खूण दिसली की मनगट झटक्यात हलव. तो तयारीत बसला की खुणेबरोबर अचानक दणका वाजवायचा. माणूस दचकतो आणि मनगट नेहमीच्या जवळजवळ निम्म्या वेळात हलतं, 0.1 सेकंदाच्या आसपास. घाईत केलेली वेडीवाकडी हालचाल नव्हे, तीन ठोक्यांची तीच पूर्ण हालचाल. म्हणजे ती आधीच रचून ठेवलेली होती, फक्त सोडायची बाकी होती.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाटेत काहीच सुधारत नाही, असंही नाही. स्नायू अचानक ताणला गेला तर मज्जारज्जूतून 0.03 सेकंदाच्या आसपास आणि मेंदूतून 0.05 ते 0.1 सेकंदात आपसूक सावरणं होतं. टायगर वूड्सने प्रेक्षकातल्या आवाजाने विचलित होऊन, खाली येऊ लागलेली काठी अडवल्याचं लोकांनी पाहिलंय. पण ते अडवणं होतं, आणि सुरुवातीच्याच टप्प्यावर. फटका रोखणं वेगळं आणि चुकीचा फटका शेवटच्या क्षणी सुधारून बरोबर करणं वेगळं. ते दुसरं कुणाला जमत नाही.

क्रिकेटवाल्या पालकांसाठी: ताशी 140 किलोमीटरचा चेंडू हातातून सुटून बॅटपर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात येतो. 2000 साली इंग्लंडमध्ये फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा बसवून त्यांची नजर कुठं जाते ते टिपलं. चांगला फलंदाज चेंडू सुटताना बघतो, मग त्याची नजर चेंडूला सोडून आधीच टप्प्याच्या जागी उडी मारते आणि तिथं चेंडूची वाट बघते. चेंडू शेवटपर्यंत डोळ्यांत धरायचा, हे आपण सगळेच पोरांना सांगतो. मीही वर्षानुवर्षं सांगितलं. पोरांनी खरं तर गोलंदाजाचा हात आणि धाव वाचायला शिकायला हवं, म्हणजे टप्पा कुठं पडणार हे आधी कळतं.

"लक्ष हातांवर ठेवा"

नानांचं वाक्य अजून कानात आहे. मी हाताकडे बघत गोफण फिरवत होतो. त्यांनी माझी हनुवटी धरून मान वळवली आणि म्हणाले, "हातकडे नको देखू, पाखरकडे देख."

नाना चौथी शिकलेले. 1999 साली जर्मन संशोधक गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फ नव्याने शिकणाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाला सांगितलं, हातांच्या झोक्याकडे लक्ष द्या. दुसऱ्याला सांगितलं, काठीच्या झोक्याकडे द्या. काठीवाले जास्त अचूक निघाले, सरावातही आणि नंतरच्या परीक्षेतही. 2004 मध्ये सिआन बेलॉक यांच्या गटाने छोटा, जवळचा फटका मारणाऱ्यांना एकदा झटपट मारायला लावलं, एकदा हवा तेवढा वेळ दिला. नवशिके वेळ मिळाल्यावर चांगले खेळले. मुरलेले खेळाडू घाई केल्यावर चांगले खेळले. वेळ मिळाला की ते स्वतःच्या हातांचा विचार करायला लागतात आणि बसलेली घडी विस्कटते. माझ्या विद्यार्थिनीचं नेमकं हेच झालं होतं. "हात कुठं गेला ते बघायला लागते मी."

गोफणीचा एक हिशेब करून बघा. दगड सेकंदाला तीन फेरे घेत असेल तर सेकंदाच्या शंभराव्या भागात तो जवळजवळ 11 अंश फिरतो. दोरी तेवढी उशिरा सुटली तर तीस मीटरवर दगड साडेपाच मीटर बाजूला पडेल. नाना तीस मीटरवरच्या कणसावरून साळुंकी उडवायचे, कणीस हलू न देता. हाताकडे बघून, विचार करून एवढी बारीक वेळ कुणाला साधत नाही.

आणि वेगाने अचूकता जाते ही भीतीही अर्धीच खरी. रेघ ओढणं, सुईत दोरा ओवणं यात घाई केली की चूक वाढतेच, पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये त्याचं गणितच मांडलं. पण जिथं योग्य क्षण साधायचा असतो तिथं उलटंही होतं. हालचाल जितकी लांबवाल तितकी तिच्या वेळेतली चूक वाढते. ठाम, जलद झोका वेळेला पक्का असतो.

"स्नायूंच्या लक्षात राहते, मेंदूचं काम उरत नाही"

हे इतक्या वेळा बोललं जातं की खरं वाटतं. माझ्या आईचं सांगतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खापरावरचे मांडे होतात. पुरण भरलेला मऊसूत उंडा दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर टाकत, कोपरापर्यंत पसरत न्यायचा. पाट नाही, लाटणं नाही. मांडा धोतराच्या पदरासारखा पातळ होतो आणि मग एका झोक्यात तापलेल्या खापरावर अंथरला जातो. तो झोका अर्ध्या सेकंदाचाही नसतो. मांडा हवेत असताना दुरुस्ती करायला जाल तर तो फाटतो, नाहीतर दुमडून बसतो. सहा वर्षांपूर्वी आईचं उजवं मनगट मोडलं. दोन महिने प्लास्टर. काढलं तेव्हा हात काटकीसारखा झाला होता, स्नायू पार वाळलेले. पंधरा दिवसांनी आखाजी आली. सगळ्यांनी नको म्हटलं तरी ती चुलीपुढे बसली. पहिला मांडा खापरावर पडला तो अखंड, गोल, एक सुरकुती नाही. तिसऱ्या मांड्यानंतर हात थरथरायला लागला आणि वहिनीने उंडा तिच्या हातून घेतला. जोर गेला होता, कसब जागच्या जागी होतं. कसब स्नायूत असतं तर स्नायूंबरोबर वाळलं असतं.

तुम्हाला घरीच बघायचं असेल तर पायाच्या अंगठ्याने मातीत आपली सही करा. वाकडी येईल, पण वळण तुमचंच येईल. पायाच्या स्नायूंनी सही कधी शिकली होती?

वैद्यकात याचा फार मोठा दाखला आहे. हेन्री मोलेसन या अमेरिकी माणसावर 1953 मध्ये मिरगीचे झटके थांबवण्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्याची नवी आठवण साठवण्याची ताकदच गेली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला शिकवलं. तीन दिवसांत तो तरबेज झाला, आणि दर दिवशी त्याला वाटायचं की हे आपण पहिल्यांदाच करतोय. आठवण आणि कसब मेंदूत वेगवेगळ्या जागी मुरतात, हे त्यातून दिसलं. कसबात लहान मेंदूचा वाटा मोठा. मानवी मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी 69 अब्ज एकट्या लहान मेंदूत आहेत. हालचाल कशी होईल याचा अंदाज तो आधी बांधतो, प्रत्यक्षात काय झालं त्याच्याशी ताडतो आणि पुढच्या वेळचा हुकूम दुरुस्त करतो. लहान मेंदूला इजा झालेल्या माणसाला नाकाला बोट लावायला सांगा, बोट पुढे निघून जातं. तीन ठोक्यांतला लगामाचा ठोका उशिरा पडतो.

मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाच्या गाठी आहेत, हालचालीला जोम आणि वेग देण्यात त्यांचा हात असतो. कंपवातात तिथला डोपामिन या रसायनाचा पुरवठा आटतो. आमच्या गल्लीतल्या एका आबांचे पाय उंबऱ्याशी चिकटतात. त्यांच्या नातीने ओट्यावर खडूने आडव्या रेघा मारून दिल्यात, त्या बघून ते एकेक रेघ ओलांडत सरळ चालतात. स्नायू तेच, पाय तेच. अडतं ते मेंदूत, आणि सुटतंही मेंदूतच.

स्नायूंची एक आठवण मात्र खरी आहे. 2010 मध्ये ऑस्लोच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं, की स्नायू वाढताना त्याच्या तंतूत नवी केंद्रकं येतात आणि स्नायू वाळला तरी ती टिकून राहतात. म्हणून एकदा कमावलेलं अंग पुन्हा लवकर भरत असावं. पण ती आठवण ताकदीची. मांडा कसा अंथरायचा, हे त्यात लिहिलेलं नसतं.

"शंभर वेळा" आणि "21 दिवस"

1920 च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसलेल्या कामगारांची छायाचित्रं घेऊन प्रत्येक घाव मोजला. हातोड्याचं टोक दर वेळी जवळपास त्याच जागी. पण खांदा, कोपर, मनगट यांची चाल दर वेळी थोडी वेगळी. एकाची चूक दुसरा भरून काढत होता. म्हणजे कसलेला माणूस एक हालचाल हजारदा करत नाही, तो एकच अडचण हजारदा नव्याने सोडवतो. आपल्याकडे लोहाराच्या भात्यापाशी उभं राहिलात तर हेच दिसेल. मी म्हणूनच मुलांना सारख्या अंतरावर सारखी फेक घ्यायला लावत नाही. जवळ, लांब, वाऱ्यात, वाऱ्याविरुद्ध, असं उलटसुलट. सरावात चुका जास्त दिसतात. टिकतं मात्र तेच.

21 दिवसांचा आकडा 1960 मध्ये मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या लिखाणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. फेकीशी त्याचा संबंध नाही.

मग संथ सराव करूच नये?

करावा. मेसेजमध्ये खरं काय आहे तेही सांगतो. मोठे गोल्फपटू संथ झोके घेतात हे खरंच आहे, आणि त्याच दिवशी ते पूर्ण वेगाचे ढीगभर फटकेही मारतात, तो भाग व्हिडिओत नाही. आधी कुठला पाय, मग कंबर, मग खांदा, हा क्रम समजायला संथ सराव उत्तम. दुखापतीतून उठताना तो लागतोच. गोल्फमध्ये भोकाजवळचा हलका फटका मारायचा असतो तिथं तर शांतपणाच हवा. 108 मिलिमीटरच्या भोकात चेंडू टाकायचा असतो आणि निष्णात खेळाडूची नजर त्याआधी दोनेक सेकंद चेंडूवर अगदी स्थिर असते. पण तो फटकाही कासवाच्या गतीचा नसतो, त्याच्या स्वतःच्या लयीचा असतो.

सातपुड्यातल्या पावरा आदिवासी पोरांचा तीरकामठा बघा. ओढणं सावकाश, डोळ्यांच्या आणि पाठीच्या धाकात. सुटणं क्षणात. दोन वेगळ्या हालचाली एका कामात शेजारी शेजारी, आणि पोरगं दोन्ही वेगवेगळ्या शिकतं.

माझ्या विद्यार्थिनीला आम्ही सध्या भाला दिलेला नाही. आठवड्यातून तीन दिवस ती हलका चेंडू भिंतीवरच्या खडूच्या गोलावर मारते, अंग तापवून, मोजक्या फेकी, पण प्रत्येक फेक पूर्ण झटक्यात. वाढत्या वयाचा खांदा आणि कोपर आहे, म्हणून दुखलं की लगेच थांबायचं. सुरुवातीची पाच मिनिटं पायांचा क्रम संथ चालीने, तेवढंच. हाताबद्दल मी एक शब्द बोलत नाही. गोल कुठं आहे एवढंच विचारतो.

तिचे वडील पहिल्या दिवशी अवघडून बाजूला उभे होते. मी त्यांना विचारलं, "दादा, लहानपणी गोफण फिरवली का?" म्हणाले, "फिरवली ना सर, हरभऱ्यावर राखण असायची." दुसऱ्या दिवशी ते घरून जुनी गोफण घेऊन आले. रविवारी सकाळी साडेसहाला शाळेच्या मागच्या मोकळ्या शेतात ते मुलांना गोफण शिकवणार आहेत. ज्या पालकांनी तो मेसेज वाचलाय त्यांनी यावं. दगड नको, सुरुवातीला मातीची ढेकळं आणू, आणि समोर कुणी उभं राहायचं नाही.